काळ्या कुत्र्याचा शनिवारचा उपास

काळं कुत्रं पाळणाऱ्या माणसाला साडेसाती वेगळी लागावी लागत नाही. माझी तर दर शनिवारी सकाळी, आंघोळ करून, हातात तेलाची पोळी घेऊन दारात यायची. तीही एकटी नाही, रांगेनं.

तेव्हा मी जळगावात कापसाच्या एका जिनात कारकून होतो. दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पुढे ओटा, मागे न्हाणी, आणि मधे बायको, मी, एक मांजर आणि ते काळं. पिल्लू बायकोनं धुळ्याहून, माहेराहून आणलेलं. तिथल्या कुठल्या कुत्रीला गाडीनं उडवलं, तिचं हे एकटं राहिलेलं. बायकोनं त्याला पदरात गुंडाळून एसटीतून आणलं आणि दुधात कापसाची वात बुडवून, ती चोखवून चोखवून जगवलं. माझ्या आजारपणात तिनं मला कधी इतक्या प्रेमानं काढा दिल्याचं आठवत नाही, पण ते असो.

चूक एकच झाली. रंग नीट तपासून घ्यायला हवा होता. हे पिल्लू डांबराच्या पिंपात बुडवून काढल्यासारखं काळं. पोट काळं, पंजे काळे, नखं काळी. जांभई दिली की टाळूसुद्धा काळी दिसायची. अंगावर एक पांढरा केस, फक्त एकच केस असता, तर पुढचा सगळा ताप वाचला असता. मी तो केस शोधायला भिंग घेऊन बसलेलो आहे.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं मारवाडी व्यापाऱ्यांची. कुणाचा कापूस, कुणाचं धान्य, कुणाचं तेल. माणसं धर्माला पक्की. पहिली पोळी गायीला, शेवटची कुत्र्याला, हा रोजचा रिवाज. तिथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण शनिवार आला की शनीची पीडा टाळायला काळ्या कुत्र्याला तेल-गूळ लावलेली पोळी घालायची असते, आणि कुत्रं जितकं निव्वळ काळं तितकं पुण्य चोख. गल्लीत आणखी दोन काळी कुत्री होती, पण एकाच्या छातीवर पांढरा ठिपका आणि दुसऱ्याचं शेपूट भुरं. तेव्हा ती नापास.

एरवीच्या वर्षी गल्लीत एखाददुसऱ्यालाच शनी असायचा. ते वर्ष मात्र दुष्काळाचं निघालं. पाऊस पळाला, विहिरी तळाला गेल्या, रेशनवर ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायला लागली, आणि सबंध जळगावाला एकदम साडेसाती लागली. ज्याचा कापूस आला नाही त्याला शनी. ज्याच्याकडे धान्य नव्हतं त्याला शनी. आणि ज्याच्या मागल्या खोलीत नको तितकं धान्य होतं, त्याला तर शनीची सगळ्यात जास्त धास्ती.

शनिवारी उजाडलं की ओट्यासमोर गर्दी. प्रत्येक पोळी तेलात अशी न्हालेली की तिच्यात वात खोवली असती तर दिवा लागला असता. आत मी लाल मिलोची भाकरी घेऊन बसलेलो. तिचा तुकडा मोडायला अडकित्ता घ्यावा लागे. आणि बाहेर माझं कुत्रं गव्हाच्या पोळ्या खातंय! एकदा मी माझ्या भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. त्यानं हुंगला, माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी कीव होती की मी तो तुकडा उचलून परत ताटात ठेवला.

गल्लीचं एक वेळ ठीक, पण असोद्याहून एक नाना यायला लागले. केळीचे मोठे बागायतदार. विहिरीनं दगा दिला, केळीची पानं करपली, तेव्हा त्यांना कुणा ज्योतिषानं सांगितलं की निर्दोष काळं कुत्रं शोधा. नानांनी अर्धा जिल्हा पालथा घातला आणि शेवटी माझ्या ओट्यावर येऊन थांबले. एका हातात पोळ्यांची चवड, दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या तेलाचा डबा. पोळी वाढली की वरून डबा वाकडा करायचे. लग्नाच्या पंगतीत तूप वाढणाऱ्याचाही हात इतका सैल नसतो.

काळं फुगायला लागलं. आधी मजा वाटली. कोपऱ्यावर पोट आधी वळायचं, मग कुत्रं. ओट्यावर आडवं झालं की दूधवाला बाहेरच उभा राहायचा. भीतीनं नव्हे हो, आत यायला वाटच उरायची नाही. एका सायकलस्वारानं त्याला धडक दिली तर सायकल दुमडली आणि काळं नुसतं कूस बदलून झोपलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सायकल माझीच होती.

पण मग मजा संपली. ते धापा टाकायला लागलं. अंगावरचे केस पुंजक्यांनी गळायला लागले, पिवळं पाणी ओकायला लागलं. एका सकाळी त्याला ओट्याची पायरी चढता येईना. पुढचे पाय पायरीवर ठेवून ते बायकोकडे बघत उभं राहिलं. तिनं उचलायचा प्रयत्न केला. ज्याला ती एके काळी पदरात घेऊन आली होती ते आता तिला हलेना. ती तिथेच खाली बसली आणि मला म्हणाली, "हातगाडी आणा."

ढोरांच्या दवाखान्यात हातगाडी पोचली तेव्हा डॉक्टर एका बैलाच्या नरड्यात बांबूच्या नळीनं औषध ओतत होते. त्या माणसाचं सगळं आयुष्य बैलांत गेलेलं. त्यांनी गाडीकडे मान वळवली. "जोडीतला दुसरा कुठंय?"

"साहेब, कुत्रं आहे."

"कुत्रं?" त्यांनी जवळ येऊन खात्री करून घेतली. मग पोट चाचपलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आणि त्यांची थट्टा तिथेच थांबली. "डोळे पिवळे झालेत. यकृत सुजलंय. काय घालता काय ह्याला?"

"मी काहीच घालत नाही साहेब. सबंध गाव घालतं."

"तेल बंद. गूळ बंद. दिवसातून एकदाच खायला, तेही भाकरी-ताक नाहीतर मुगाचं पाणी. आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं. हे जमलं तर वाचेल. नाही जमलं तर होळी बघायचं नाही."

बायको परत येताना सबंध रस्ता बोलली नाही. हातगाडीच्या कडेनं, काळ्याच्या डोक्यावर हात ठेवून चालत राहिली. माझी बायको गप्प बसली की मला दुष्काळापेक्षा जास्त भीती वाटते.

डॉक्टरांनी दिलेली पूड ताकात कालवून आम्ही त्याच्यापुढे ठेवायचो. त्यानं ती कधी तोंडाला लावली नाही, आमच्या मांजरीनं लावली. ही मांजर कबरी, कान तेवढे काळे. तिला गल्लीत कुणी कधी घास दिला नाही. उलट सकाळी दुकानाला निघालेल्या शेटजींना ती आडवी गेली, तर ते परत घरात जाऊन पाणी पिऊन निघायचे. तिचं पोट तीच बघायची. पाली, झुरळं, आणि आमचं वांग्याचं भरीत. भरताला ती अशी सोकावलेली की घरात वांगं भाजायला ठेवलं की चुलीपाशी पाटावर येऊन बसायची. कुत्र्याची पूड खाऊन ती इतकी तुकतुकीत झाली की ऊन पडलं की डोळे दिपायचे. आणि ज्याच्यासाठी पूड आणली ते धापा टाकत पडलेलं.

मी गल्लीत घरोघर जाऊन हात जोडले. "शेटजी, कुत्रं मरायला टेकलंय, पोळी घालू नका."

"अहो, एका पोळीनं काय होतंय?"

पुढच्या घरी. "अहो, एकच तर पोळी."

प्रत्येक जण एकच पोळी घालायचा. अख्ख्या गल्लीत दुसरी पोळी घालणारा पापी एकही नव्हता. मग कुत्रं फुगलं कशानं, हे त्यांनाही कोडं होतं. "वाऱ्यानं असेल," असं एका तेलाच्या व्यापाऱ्यानं मला गंभीरपणे सांगितलं.

मग मी त्याला आत बांधलं. पोळ्या खिडकीतून आल्या. खिडकी लावली, तर न्हाणीच्या मोरीतून आल्या. नाना ओट्यावर उभे राहून बोंब मारायचे, "भाऊ, कायले कोंडता त्याले? मले साडेसाती लागेल हाये, तुमचं काय जाते?"

"नाना, माझं कुत्रं जातंय!"

"जाईन कसं? इतकं खायाले भेटल्यावर कोन जाते?"

आणि ते काळंही कसलं बेइमान! नानांचा आवाज आला की आतून भुंकून, आपण कुठल्या खोलीत आहोत ते सांगायचं.

शेवटी ठरलं की त्याला महिनाभर धुळ्याला ठेवायचं. सासरची माणसं शेतकरी, साधं खाणारी. तिथं कोण तेल ओतणार? शनिवारी जिनात अर्धा दिवस, म्हणून नेमका शनिवार धरला. मला शनिवारी प्रवास करायची बुद्धी व्हावी, इथेच माझाही शनी सिद्ध होतो. एसटीत कंडक्टर म्हणाला, "ह्याची तिकिटं काढा." तिकीट नव्हे, तिकिटं. एरंडोलच्या स्टँडवर मी चहाला उतरलो आणि परत येऊन बघतो तर खिडकीतून एक गृहस्थ भज्यांचा पुडा आत रिकामा करताहेत. "निव्वळ काळं आहे हो," ते भारावून म्हणाले. "पोळी नव्हती जवळ. पण तेल ते तेलच."

धुळ्याला सासूबाईंनी दारातच काळ्याला ओवाळलं. मी सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, काय द्यायचं, काय नाही. त्या मान डोलवत होत्या. मी समाधानानं परत आलो. महिन्यानं आणायला गेलो तेव्हा काळ्याला दारातून बाहेर काढायला दोन गडी लागले. जाताना पोत्याएवढं होतं, आता जिनातल्या गठाणीएवढं.

"हे काय केलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"काय करं म्हणजे?" सासूबाई आपल्या अहिराणीत खुलून म्हणाल्या. "जवाईनं कुत्रं शे, भाकर-ताक कसं घालू? लोक काय म्हनतीन? बठ्ठं व्यवस्थित करं. खापरवरनी पुरणपोळी, वर तूप."

जावई म्हणून मला त्या घरात सलग दोन दिवस पुरणपोळी कधी मिळाली नव्हती. ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

घरी आल्यावर बायकोनं काळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला जगभरच्या थापा येतात," ती म्हणाली. "पानवाल्याला सांगता, जिनमालकाला सांगता, मला सांगता. ह्या मुक्या जिवासाठी एखादी मारता येत नाही?"

हे मला लागलं. मी ओट्यावर जाऊन बसलो, विचार केला, आणि शुक्रवारी संध्याकाळी गल्ली ऐकेल अशा आवाजात जाहीर केलं, "आमच्या काळ्यानं शनिवार धरलाय हो! उद्यापासून उपास. गेल्या शनिवारी धुळ्याला पोळीला तोंडच लावलं नाही, मारुतीच्या देवळाकडे तोंड करून बसलं."

उपास म्हटल्यावर कुणाची छाती आहे मोडायची? कुणी हात जोडले. तेलाचा व्यापारी म्हणाला, "पूर्वजन्मीचं संचित!" मी आत येऊन बायकोला म्हणालो, "झालं काम."

शनिवारी सकाळी दार उघडलं. ओट्यावर साबुदाण्याची खिचडी. तिच्याशेजारी शेंगदाण्याचे लाडू. भगर, आमटी, तुपात परतलेली रताळी, बटाट्याचा कीस. प्रत्येक घरातून एकच वाटी. आणि नाना केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन उभे. "उपासाले चालते ना केळं? मंग!"

त्या दिवशी काळ्यानं जो उपास केला तसा उपास माझ्या वंशात कुणी केलेला नाही. दुपारी ते कलंडलं. संध्याकाळी ओकलं, मग ओकणंही थांबलं आणि नुसतं पडून राहिलं. डोळे अर्धवट मिटलेले, पोट ढोलासारखं. बायको त्याच्या तोंडात परत कापसाच्या वातीनं पाणी सोडत होती. मी कडेला उभा. थाप मारून माणूस आयुष्यभर पोट भरू शकतो, पण थापेनं कुत्र्याचं पोट रिकामं होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी समोरच्या घरातली माजीसा आली. समोरच्या शेटजींची ही आई. जैन, पांढरं लुगडं, हातात माळ, वयानं वाकलेली पण आवाजानं ताठ. पर्युषणात आठ आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायची. गल्लीतल्या मुंग्यासुद्धा तिला विचारून रांग बदलायच्या. ती आदल्या दिवशी थानकात, साध्वींच्या प्रवचनाला, गेलेली असल्यामुळे तिनं काही पाहिलं नव्हतं. तिनं ओट्यावरच्या वाट्या पाहिल्या.

"हे काय रे बेटा?"

"उपासाचं आहे माजीसा. काळ्याचा शनिवार होता."

तिनं एक लाडू दोन बोटांत उचलून पाहिला आणि परत ठेवला. "ह्याला तुम्ही उपास म्हणता? आमच्यात ह्याला लग्न म्हणतात."

मी वाट्या गोळा करायला लागलो.

"पचखाण कुणी दिलं?"

"ते काय असतं?"

"व्रत घेताना शपथ घ्यायची असते. त्याशिवाय उपास कसला? नुसतं खाल्लं नाही म्हणजे उपास नाही. आणि ह्यानं तर खाल्लंय!" ती खाली बसली. काळ्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ पुटपुटत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "शनिवारी उपास. गरम करून गार केलेलं पाणी, बस. बाकीच्या दिवशी एकासणं, दिवसातून एकदा, एका जागी बसून, तेल-गूळ सोडून जे मिळेल ते. सूर्य बुडाला की तोंड बंद. मुकं जनावर आहे म्हणून पाण्याची तेवढी सूट. कबूल?"

मी थक्क होऊन बायकोकडे बघितलं. एकदाच खायला, आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं. डॉक्टर हेच तर म्हणाले होते! फक्त त्यांच्या तोंडून ते कुणी ऐकलं नव्हतं.

काळ्यानं डोकं उचललं नाही. शेपटीचं टोक तेवढं जमिनीवर एकदा आपटलं.

"कबूल आहे," माजीसा म्हणाली आणि उठली.

पुढच्या शनिवारी तिची खुर्ची आमच्या ओट्यावर आली. एका हातात माळ, दुसऱ्या हातात काठी. पोळी घेऊन आलेला पहिला माणूस तिचाच मुलगा होता. त्याच्याकडे तिनं असं काही बघितलं की त्यानं पोळी तिथेच स्वतः खाऊन टाकली. मग नाना आले.

"माजी, मले साडेसाती हाये."

"व्रत मोडलंस तर साडेसाती कमी पडेल तुला," माजीसा म्हणाली. नानांनी डब्याचं झाकण लावलं.

इथे सगळं सुखात संपायला हवं होतं. पण दुपारी मी ताटावर बसलो आणि दारात काठी वाजली.

"धनी जेवतो? आणि मुकं जनावर दारात उपाशी?"

"माजीसा, मला यकृत नाही, म्हणजे... सुजलेलं नाही."

"हात जोड."

माझंही पचखाण झालं. बायकोनं माझ्यासमोरचं ताट उचललं. तिला इतक्या आनंदानं ताट उचलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून दर शनिवारी काळं आणि मी ओट्यावर शेजारी शेजारी बसून उकळून गार केलेलं पाणी पीत गल्ली बघायचो. समोरच्या घरातून मुगाच्या भज्यांचा वास आला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. दोघांच्याही पोटात एकाच सुरात गुरगुरायचं.

होळीच्या आधी त्याला दवाखान्यात नेलं. ह्या वेळी चालत, आणि तेच पुढे. डॉक्टरांनी आधी ओळखलंच नाही. पोट दाबलं, पापणी ओढली, परत दाबलं. "उतरलंय," ते म्हणाले. "वाचलं. माझी पूड एवढी लागू पडेल असं वाटलं नव्हतं."

पूड मांजरीनं खाल्ली हे मी सांगितलं नाही.

"तुम्हीही उतरलात," माझ्याकडे बघून ते म्हणाले. "दुष्काळ फार आहे का तुमच्याकडे?"

बायको बाहेर आल्यावर आधी हसली. मग रस्त्यात खाली बसून तिनं काळ्याला उचललं, पदरात जमेल तेवढं घेतलं, आणि परत ठेवलं. "आता माझी काळजी मिटली," ती म्हणाली.

"मग माझा शनिवार सुटला का?"

"ते माजीसांना विचारा."

त्या शनिवारी आम्ही दोघं पाणी पीत बसलो होतो. नाना आले. सवयीनं आले होते, पोळ्यांची चवडही होती, पण खुर्चीत माजीसा होती, डोळे मिटून, काठी मांडीवर. ते उभे राहून इकडे तिकडे बघायला लागले. आमची मांजर ओट्याच्या कडेला ऊन खात पडलेली. नाना तिच्याकडे बघत राहिले. वाकले. आणखी वाकले.

"भाऊ," ते म्हणाले, "हिचे कान निव्वळ काळे हायेत ना?"

मी ओरडायला तोंड उघडलं, पण पोटात काही नसल्यामुळे आवाज निघाला नाही. पोळी मांजरीसमोर पडली, वरून तेलाची धार. तेलाचा व्यापारी पलीकडच्या ओट्यावरून धावत येताना दिसला. मांजरीनं पोळी हुंगली, आमच्याकडे बघितलं आणि सावकाश खायला लागली.

काळं बघत होतं. मी बघत होतो. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वळवून खुर्चीकडे बघितलं.

माजीसा जागी होती, आणि मांजरीकडे बघत होती.